एकोणिसावा ऐच्छिक नियम

आमच्या धाकट्या भाऊजींइतका नियमानं वागणारा आणि तरीही कुणाच्याच नियमात न बसणारा माणूस दिवेआगरच्या समुद्रापासून पार तळ्याच्या डोंगरापर्यंत शोधून सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगते. आणि मी सांगते म्हणजे बघा, कारण दिराचं कौतुक करायची मला खोड नाही. चाळीस वर्षं झाली मी त्यांची वहिनी आहे. त्यातली बावीस वर्षं ते आखातात एका कंपनीच्या गोदामात कारकून होते, म्हणजे माझ्या वाट्याला अठराच आली, पण त्या अठरांत त्यांनी बावीसचा अनुशेष व्यवस्थित भरून काढला. लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही असं विचारलं तर तोंडावरची माशी हलू न देता सांगतात, "वहिनी, समोरच्या पक्षानं सगळे नियम मान्य केले नाहीत." समोरचा पक्ष कोण, कुठल्या गावचा, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मी विचारायचं सोडून दिलं.

माणसं आखातातून परत येताना काय आणतात हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अत्तर, जाड ब्लँकेटं, खजूर, एखादं घड्याळ. भाऊजी आले ते दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन, आणि रिक्षावाल्याला त्या आडव्या ठेवू देईनात. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी ट्रंकांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारपाजारच्या चार बायका उगाचच नारळ मागायला म्हणून येऊन पडवीत बसल्या. ट्रंका उघडल्या तर आत कापूस, आणि कापसात निजवलेले अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक. शेकड्यांनी! भालेवाले, धनुष्यवाले, घोडेस्वार, दाढीवाले बुटके, शिंगं असलेले, शेपटी असलेले, एक तर नुसती हाडंच. सासूबाईंनी एक बुटका उचलून उन्हात धरला आणि विचारलं, "बाबा, ही खेळणी कुणाच्या पोरांसाठी?" भाऊजी म्हणाले, "माझ्यासाठी." सासूबाई बुटका खाली ठेवून आत गेल्या आणि आडव्या झाल्या. त्या दिवशी भात मीच लावला.

झालं होतं असं की तिथल्या गोदामावर एक विलायती साहेब होता. वाळवंटात सुट्टीच्या दिवशी माणसानं करायचं काय? म्हणून त्यानं हाताखालच्या दोघा कारकुनांना हा आपल्या देशातला खेळ शिकवला. एक आमचे भाऊजी आणि दुसरे बोर्लीचे मुनीरभाई. साहेब गेला, नोकरी संपली, पण हे दोघं खेळतच राहिले. खेळ सांगायला सोपा आहे. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, जंगल मांडायचं. दोन बाजूंना दोन सैन्यं. शिंप्याच्या टेपनं अंतर मोजून पलटणी पुढं सरकवायच्या आणि भिडल्या की फासे टाकायचे. सैन्यात माणसांच्या जोडीला राक्षस, अजगर, पंखवाले साप असं सगळं गणगोत. मुनीरभाई दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की बोर्लीहून यायचे आणि दिवेलागणीला परत जायचे, त्यामुळं एकेक डाव दोन-दोन महिने चालायचा. तेवढे दिवस टेबलावर मच्छरदाणी. आता ते टेबल म्हणजे आमच्याकडं उतरणाऱ्या पर्यटकांना जेवायला वाढायचं टेबल, फणसाच्या लाकडाचं, दहा माणसं बसतील असं. मी पहिलं वर्षभर भांडले. मग हात टेकले आणि पाहुण्यांना खाली पाट मांडून केळीच्या पानावर जेवायला घालू लागले. लोक इतके खूश! अस्सल कोकणी पंगत म्हणून फोटो काढतात, मांडी घालता येत नाही तरी हसत हसत जेवतात. टेबलावर राक्षस बसलेत म्हणून तुम्ही जमिनीवर आहात, हे मी त्यांना सांगत नाही.

पण भाऊजींचा खरा जीव सैन्यात नाही, राक्षसांतही नाही. तो आहे पुस्तकाच्या शेवटच्या पानांत. साहेबानं दिलेल्या त्या नियमांच्या पुस्तकात पुढं सगळे मुख्य नियम आहेत आणि मागं अठरा ऐच्छिक नियम. ऐच्छिक म्हणजे दोघा खेळाडूंना पटले तरच लावायचे. पाऊस पडला तर धनुष्यांच्या दोऱ्या भिजतात, तो एक. पलटण लांबून चालून आली तर दमते, तो एक. राक्षस जवळ आला की माणसं भितात, घाबरली का ते फासा टाकून बघायचं, तो एक. भाऊजींनी हे सगळे मोत्यासारख्या अक्षरात मराठीत उतरवून काढलेत. डाव सुरू करण्याआधी दोघं समोरासमोर बसणार, एकेक नियम वाचणार, वाद घालणार, आणि पटला की "मान्य" म्हणणार. मग कॅलेंडरच्या जुन्या पानामागं यादी लिहून खाली दोघांच्या सह्या. हा सोहळा कधी कधी दोन शुक्रवार चालतो. एकदा पहिला फासा पडला की डाव संपेस्तोवर यादीत काना-मात्रेचा बदल नाही, आणि यादीतला प्रत्येक नियम दोघांना सारखा. "वहिनी, मुख्य नियम काय, सगळेच पाळतात, पाळावेच लागतात," भाऊजी मला म्हणाले होते, "माणूस कळतो तो ऐच्छिक नियम कुठले घेतो त्यावरून." मी तेव्हा कोकमाची सोलं वाळत घालत होते. मी म्हटलं, "मग हे ताट उन्हात नेऊन ठेवा, हा माझा ऐच्छिक नियम." त्यांनी आधी विचारलं, दोघांना सारखा आहे का?

त्यात पुन्हा एक मेख. राक्षस घरचा चालेल, नियम घरचा चालणार नाही. म्हणजे राक्षस तुम्ही तुमच्या हातानं कसलाही बनवा, पण नियम पुस्तकात असेल तोच. बिचाऱ्या मुनीरभाईंनी एकदा सुचवलं होतं की चहा आला की फासा थांबवावा, थंड होतो. भाऊजींनी पुस्तक उघडून अठराच्या अठरा नियम त्यांना पहिल्यापासून वाचून दाखवले आणि म्हणाले, "कुठं आहे चहा?" मुनीरभाई म्हणाले, "अरे यार, साहेबाला आपला चहा काय माहीत!" पण नाहीच. तेव्हापासून मुनीरभाई माझा चहा थंड प्यायचे आणि दर वेळी माझी माफी मागायचे.

हे ऐच्छिक नियमांचं खूळ टेबलावर राहिलं असतं तर मला काय करायचं होतं? पण ते घरभर झालं. दारावर कोळीण मासे घेऊन आली की भाऊजी आधी तिच्याशी नियम ठरवायला बसणार. हलवा घेतला तर त्यावर मांदेली किती, डोकं कुणाचं, सुरी कुणाची. ती शेवटी कंबरेवर हात ठेवून म्हणते, "घ्यायचा हाय तर घ्या भाव, न्हायतर जाते फुडं. हितं काय पंचायत भरवलीय?" गणपतीत आरत्या सुरू होण्याआधी हे मधे उभे राहून विचारणार, "किती म्हणायच्या, आत्ताच ठरवा." कारण आमच्याकडं कुणीतरी हौशी निघतोच, की सगळे दमून टाळ खाली ठेवणार तोच तो आणखी एका आरतीला हात घालतो. लोक चिडायचे. पण खरं सांगायचं तर त्या वर्षापासून आमच्या घरचे मोदक गरम खायला मिळू लागले.

आणि माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. चौलहून माणसं आली होती, चांगली, वाडीवाली. पोहे झाले, सगळं गोडीगुलाबीत चाललेलं, आणि भाऊजींनी वही काढली. "मुख्य नियम आपण सगळे जाणतोच," म्हणाले, "ऐच्छिक काय काय लावायचे ते आत्ता बोलू." मी पदराआडून खुणा करून थकले. ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तर छताकडं बघायला सुरुवात केली. भाऊजी विचारत होते, मुलगी नोकरी करणार ती कुणाच्या परवानगीनं की आपल्या मनानं? सणाला माहेरी कोण पाठवणार, की ती तिची तिची येणार? रागावलं तर किती दिवस बोलायचं नाही? चौलच्या बाई आधी लाल झाल्या, मग हसू लागल्या आणि म्हणाल्या, "माझ्या लग्नात असा कुणी विचारणारा असता तर!" प्रत्येक प्रश्नाला मुलगा आणि मुलगी दोघांनी "मान्य" म्हणेपर्यंत भाऊजींनी पान उलटलं नाही. बारा वर्षं झाली. लेक सुखात आहे. ते पान अजून तिच्या कपाटात आहे, मी बघितलंय.

राक्षसांचं निराळंच प्रकरण. विकतचा राक्षस भाऊजींना बाटग्यासारखा वाटतो. त्यांचे राक्षस वाडीतून आणि समुद्रातून येतात. पोफळीची गळून पडलेली विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, भिजवून तिचे पंख, नारळाच्या काथ्याची आयाळ, आणि कुर्लीचे डेंगे, खेकड्याच्या नांग्या हो, म्हणजे तर जीव की प्राण. पाहुणे पंगतीत कुर्ल्यांचं कालवण ओरपत असताना भाऊजी मागून वाकून म्हणतात, "तो डेंगा फोडू नका हं, सांभाळून. मला लागणार आहे." एकदा एका शेवंडाचं अख्खं कवच त्यांनी समुद्रराक्षस म्हणून टेबलावर उभं केलं. तिसऱ्या दिवशी वास सुटला, चौथ्या दिवशी मांजर आली आणि राक्षसाबरोबर मुनीरभाईंची अर्धी पलटण घेऊन गेली. भाऊजींनी शांतपणे यादी बघितली. मांजराचा नियम लावलेला नव्हता, म्हणून पलटण जिवंत धरली.

पण सत्यनारायणाच्या वेळी मात्र मी कपाळावर हात मारून घेतला. पूजेला सुपाऱ्या लागतात, आणि आमच्या घरात सुपारीला काय तोटा? मी घाईत फडताळातल्या करंडीतून मूठभर उचलून गुरुजींपुढं ठेवल्या. गुरुजींनी नवग्रह मांडायला घेतले आणि थबकले. एका ग्रहाला दात होते. उलटून बघतात तर दोन तांबारलेले डोळे. भाऊजी मागनं म्हणाले, "तो दलदलीतला राक्षस आहे, गुरुजी. अजून खाली धड बसवायचं बाकी आहे. शनीच्या जागी चालेल." मला वाटलं आता गुरुजी उठून जातात. पण आमचे गुरुजीही वस्तादच. भाऊजींनी विचारलं, "शास्त्रात ऐच्छिक नियम असतो का हो?" तर गुरुजी म्हणाले, "आहे की. यथामिलित. जे मिळेल त्यानं करावं." आणि त्यांनी राक्षसाचे दात भिंतीकडं करून त्याच्यावर अक्षता टाकल्या. भाऊजी इतके हरखले की तीर्थ दोनदा घेतलं. पूजेला बसलेला तो राक्षस पुढं युद्धात एकदाही मेला नाही, हे मात्र खरं.

राक्षसाच्या बाबतीत भाऊजींचे दोन हट्ट. एक, प्रत्येक राक्षसाला काहीतरी खोट पाहिजे. एखाद्याला पाणी ओलांडता येत नाही, एखाद्याला उजेड सोसत नाही. खोट नसलेला राक्षस म्हणजे लबाडी, असं ते म्हणतात. आणि दुसरा, पुस्तकातला सातवा ऐच्छिक नियम: जखमी झालेल्या राक्षसासाठी फासा टाकायचा, आणि एक पडला तर तो उलटतो नि आपल्याच सैन्यावर तुटून पडतो. मुनीरभाई या नियमाला नेहमी हसत "मान्य" म्हणायचे, कारण त्यांच्या सैन्यात राक्षस असायचे एक किंवा दोन. भाऊजींच्या सैन्यात आठ-आठ! म्हणजे हा नियम दर वेळी भाऊजींच्याच मुळावर यायचा. त्यांचेच राक्षस उलटून त्यांच्याच भालेवाल्यांना खायचे आणि भाऊजी स्वतःच्या हातानं एकेक भालेवाला पटावरून उचलून ठेवत म्हणायचे, "बरोबर आहे. राक्षस कुणाचा नसतो." या एका नियमापायी ते अकरा वर्षं सतत हरले. हो, अकरा. मीच एकदा म्हटलं, "अहो भाऊजी, तो नियम एकदा सोडा ना मेला!" तर म्हणाले, "सोडला तर खेळ सोपा होईल, वहिनी. खरा राहणार नाही."

मुनीरभाई कसे आहेत हे एवढ्यावरून सांगते. वादळ झालं त्या वर्षी आमच्या पडवीचे पत्रे गेले, वाडी अख्खी झोपली. पोफळी तर काड्यांसारख्या मोडल्या होत्या. दोन दिवस रस्ता बंद, फोन बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी हा माणूस पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत बोर्लीहून पायी आला, काखेत पावाची लादी धरून. पाव माझ्या हातात दिला, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग भाऊजींना म्हणाले, "चल. फौज कुठं आहे?" फौज वाडीभर झाली होती. दोघं वाकून वाकून चिखलातून सैनिक वेचत होते. शेवटचा जादूगार आम्हाला पुढच्या वर्षी माडाच्या आळ्यात सापडला. वाडी पुन्हा लावायला किती वर्षं लागतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण त्या दोघांनी सैन्य चार शुक्रवारांत उभं केलं, आणि ते बघून आम्हालाही जरा बरं वाटलं.

तर आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी भाऊजी जिंकायला लागले. मला या खेळातलं ओ का ठो कळत नाही, पण मलासुद्धा दिसत होतं. त्यांचे सगळे जखमी राक्षस, काय योग असेल तो, एकदाही उलटले नव्हते. मुनीरभाईंचा एकुलता एक महाकाय राक्षस चारी बाजूंनी वेढलेला, त्यांच्या दोनच पलटणी उरलेल्या. आणखी एक शुक्रवार, फार तर दोन, आणि अकरा वर्षांनी पहिला विजय. भाऊजी त्या दिवसांत घरात शीळ घालत फिरायचे. ह्यांनी विचारलंसुद्धा, "याला झालंय काय?"

आणि मुनीरभाई यायचे बंद झाले. आधीच्या शुक्रवारी त्यांच्या हातून एक रांगच्या रांग पडली होती, तेव्हा ते म्हणाले, बाही लागली. त्याच दिवशी चहा बशीत सांडला होता. पुढच्या शुक्रवारी निरोप आला, गुडघा दुखतोय. मग पाहुणे आले. मग रिक्षा मिळाली नाही. असे चार शुक्रवार गेले. भाऊजी दोन वाजल्यापासून मच्छरदाणी काढून, टेप-फासे मांडून बसायचे आणि दिवेलागणीला मच्छरदाणी परत घालायचे. पाचव्या शुक्रवारी त्यांचा बांध फुटला. "हरायला लागला की गुडघा दुखतो! अकरा वर्षं मी हरलो, माझा कधी दुखला? या वयात पळपुटेपणा?" मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर नियमांवर भांडणारा माणूस, पण दोस्तावर कधी नव्हे तो रुसला. मी फोन करते म्हटलं तर म्हणाले, "खबरदार!"

पण फोन समोरूनच आला. मुनीरभाईंच्या बायकोचा, भाभींचा. त्या हळू आवाजात बोलत होत्या. "वहिनी, गुडघा-बिडघा काय नाय हो. हात कापतो त्यांचा. डाक्टर म्हणला कंपवात हाय. चार लोकांत जेवत नाय, पाणी पीत नाय. मी म्हटलं दोस्ताकडं तरी जावा, तर म्हणतात, त्याची फौज पाडून येऊ काय? तो जिंकतोय, मी त्याचा डाव नासवू? आणि शुक्रवारी नमाजवरून येतात नि भिंतीकडं तोंड करून पडतात." मी जाऊन भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. हात थांबला. "बाही नव्हती तर," एवढंच म्हणाले. नंतर तीन दिवस त्यांनी ना कोळिणीशी हुज्जत घातली, ना पाहुण्यांचे डेंगे मागितले. वही घेऊन झोपाळ्यावर बसायचे, लिहायचे, खोडायचे. मला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, पण करायचं काय ते मलाही सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी पडवी झाडायला गेले तर मच्छरदाणी घडी घालून ठेवलेली, आणि भाऊजी सैनिक एकेक करून कापसात निजवत होते. दोन्ही सैन्यं. वेढलेला महाकाय, ते सगळे न उलटलेले राक्षस, सगळं. टेबल रिकामं. मी झाडू टाकून धावले. "अहो, हे काय? जिंकत होतात ना?" भाऊजी म्हणाले, "चालू डावात नियम घालता येत नाही, वहिनी. नवा घालायचा तर डाव नवा मांडायला लागतो." अकरा वर्षांचा घास तोंडाशी आलेला, तो त्यांनी स्वतःच्या हातानं ट्रंकेत ठेवून कडी लावली. मग म्हणाले, "ओल्या नारळाच्या करंज्या करता का? बोर्लीला जाऊ."

मुनीरभाई खाटेवर बसले होते, हात पांघरुणाखाली. भाऊजींनी गुडघ्याची चौकशी केली, मुनीरभाईंनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. मग भाऊजींनी कॅलेंडरचं पान काढलं आणि एक ते अठरा नियम नेहमीसारखे वाचले. पाऊस, दमणूक, भीती, सातवा. मुनीरभाई मान हलवत होते. आणि मग भाऊजी घसा साफ करून वाचू लागले. "एकोणिसावा. भूकंपाचा राक्षस. हा जमिनीखाली राहतो, दिसत नाही. कुठल्याही बाजूचा नाही. तो हलला की पटावरचे सैनिक पडतात. पडलेला सैनिक मेलेला नाही, पुढच्या पाळीला होता तिथं उभा करावा. कुणामुळं पडला याची चौकशी करू नये. नियम दोघांना सारखा."

भाभी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मुनीरभाई म्हणाले, "पुस्तकात अठराच आहेत." ज्या माणसानं चहाचा नियम घेतला नव्हता, जो मांजराच्या बाबतीतही पुस्तकाबाहेर गेला नव्हता, तो आमचा भाऊजी भिंतीकडं बघत म्हणाला, "नवीन आवृत्ती आलीय." "दाखव." "पोस्टात आहे." मुनीरभाई त्यांच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "याची खोट काय? तुझ्या प्रत्येक राक्षसाला खोट असते." भाऊजींनी ह्याचा विचार केलेला नव्हता, माझ्या लक्षात आलं. पान मांडीवर ठेवून ते म्हणाले, "त्याला कुणाला मारता येत नाही. नुसतं पाडता येतं." मुनीरभाईंनी पांघरुणाखालून हात बाहेर काढला. तो हात हलत होता, आणि त्यांनी तो हलू दिला. "मान्य," म्हणाले, आणि सही केली. सही पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

त्या शुक्रवारपासून नवा डाव सुरू झाला. मुनीरभाईंना आता त्यांचा जावई रिक्षानं सोडतो. हात फिरला की चार-दोन पडतात, कधी यांचे, कधी त्यांचे, आणि भाऊजी अगदी तलाठ्यासारख्या कोरड्या आवाजात म्हणतात, "भूकंप." पुढच्या पाळीला सगळे उभे. मुनीरभाई हसतात, "यार, तुझा राक्षस माझ्याच बाजूला जास्त का फिरतो?" "राक्षस कुणाचा नसतो." आणि हो, भाऊजी पुन्हा हरायला लागले. त्यांचे आठही राक्षस पहिल्यासारखेच उलटतात. मी एकदा खोचक विचारलंच, ते पुस्तक पोस्टातून आलं का हो? म्हणाले, "पोस्टाचं तुम्हाला ठाऊक आहे, वहिनी."

आता मात्र भूकंपाचा राक्षस फार हलतो. या महिन्यातल्या एका शुक्रवारी मुनीरभाई घोडेस्वार उचलायला वाकले आणि हात असा काही गेला की त्यांची सगळी फौज आडवी झाली. एकही उभा राहिला नाही. घोडेस्वार खाली घरंगळला. मुनीरभाईंनी हात मागं घेतला आणि मांडीवर दुसऱ्या हातानं दाबून धरला. मी चहा ओतत होते. भाऊजींनी आधी त्यांच्याकडं पाहिलं नाही. टेबलाशी वाकून त्यांनी यादी वाचली, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग आपला तळवा पटावर ठेवला आणि आपलं सैन्य, पुढच्या भालेवाल्यांपासून मागच्या आठही राक्षसांपर्यंत, सावकाश सगळं पाडलं.

"मोठा भूकंप," ते म्हणाले. "दोघांचं गेलं. आता डाव नवा, आणि चहा आला की फासा थांबवायचा."

"तो नियम नाहीये," मुनीरभाई म्हणाले.

"विसावा."

"मान्य."

मुनीरभाईंचा कप मी हल्ली अर्धाच भरते, हिंदकळू नये म्हणून. त्या दिवशी मी भाऊजींचाही अर्धाच भरला. त्यांनी कपात बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मग मी माझाही अर्धाच ओतला आणि त्या दोघांबरोबर गरम गरम प्यायला बसले.